कर्नल साईक्सच्या वहीतले मराठी मासे

नदीकाठच्या बाजारात टोपलीतल्या माशाकडे बोट दाखवून आपण विचारतो, "मावशी, हा कुठला?" मावशी सांगते, "मळ्या." किंवा म्हणते, "शिंगाळा." आपण भाव करतो, पिशवी भरतो आणि घरी येतो. पण हाच 'मळ्या' आणि हाच 'शिंगाळा' लंडन, टोकियो, न्यूयॉर्क इथल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत याच नावाने बसलेला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? गारा मुल्या, स्पेराटा सिंघाला अशी ती शास्त्रीय नावे. पुढचा शब्द लॅटिन वळणाचा, मागचा शब्द सरळ आपल्या नदीकाठचा. आपल्या बोलीचा शब्द जगाच्या शास्त्रात गेला कसा, नेला कोणी, आणि ज्यांच्या तोंडचा तो शब्द होता त्यांचे पुढे काय झाले, याची हकिकत आज वाचकांसमोर ठेवावी असे आम्हाला वाटते.

शिपाईगडी ते निसर्गपंडित

हे शब्द नेणारा माणूस म्हणजे विल्यम हेन्री साईक्स. जन्म १७९० चा. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. भरतपूरचा वेढा त्याने पाहिला. हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा शिकून घेतल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या फौजेशी ज्या लढाया झाल्या, त्यांत तो देशी शिपायांच्या तुकडीवर अधिकारी होता. मुंबई लष्करात त्या काळी महार शिपायांची संख्या मोठी होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पेशवाई बुडाली आणि कंपनीच्या हाती दख्खनचा मुलूख आला. पण मुलूख हाती येणे वेगळे आणि तो कळणे वेगळे. किती गावे, किती माणसे, कोणते पीक, पाऊस किती, जमिनीचा हक्क कोणाचा, बलुतेदारांचे हक्क काय, हे कळल्याशिवाय सारा बसवायचा कसा? म्हणून गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये साईक्सची मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून नेमणूक केली. म्हणजे आकडे गोळा करणारा अधिकारी. पुणे, त्या वेळचे अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या कामाचे क्षेत्र होते. आपले कोल्हापूर तेव्हा संस्थान असल्यामुळे ते यात आले नाही. मात्र आपली पंचगंगा नृसिंहवाडीला ज्या कृष्णेला मिळते, त्याच कृष्णेला पुढे भीमाही मिळते, आणि भीमेच्या खोऱ्यात साईक्सने वर्षानुवर्षे डेरा टाकला होता. नदीला संस्थानची हद्द कळत नाही, माशाला तर त्याहून कळत नाही.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी. बी. कॉम.ला सांख्यिकीचा पेपर असतो, आणि तो रुक्ष विषय म्हणून बहुतेक मुले त्याला घाबरतात. पण आकडे गोळा करायला निघालेला हा माणूस वाटेतल्या एकाही गोष्टीकडे पाठ फिरवून गेला नाही, हे वाचल्यावर त्या विषयाचा रुक्षपणा कुठच्या कुठे जातो. सारा, पिके, वजनमापे, मजुरी यांच्या नोंदी चालू असतानाच त्याने हवेचा दाब मोजला. दख्खनमध्ये हा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त तर दुपारी चारच्या सुमारास कमी, हे त्याने शेकडो नोंदींतून दाखवले आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पक्षी, जनावरे, मासे, रेशमाचे कोसले, जे दिसेल ते टिपले.

१८२९ च्या अखेरीस काटकसरीचे कारण देऊन सरकारने त्याची जागाच रद्द केली. काटकसर आली की पहिली कुऱ्हाड माहिती गोळा करणाऱ्यावर पडते, ही रीत तेव्हापासूनची दिसते. पण साईक्सने रजा मागून घेतली, अहवाल पुरे केले आणि १८३१ च्या जानेवारीत मायदेशी निघाला.

पाखरे, कोळसून आणि मासे

विलायतेला गेल्यावर त्याने आपल्या वह्या उघडल्या. १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे २३६ जातींची नोंद होती, आणि त्यांतल्या पन्नासहून अधिक जाती शास्त्राला नव्या म्हणून त्याने मांडल्या होत्या. त्यांतल्या काही आपण रोज पाहतो. रंकाळ्याच्या काठावर मान आखडून, पुतळ्यासारखी उभी राहणारी ढोकरी, म्हणजे वंचक, याचे पहिले शास्त्रीय वर्णन साईक्सचे. बागेत शेपटी उभारून वटवट करणारा राखी वटवट्या, त्याचेही साईक्सचेच. माळावर उडत गाणारा एक चंडोल आज इंग्रजीत साईक्सच्या नावाने ओळखला जातो, आणि एका रातव्याला तर त्याने 'महरात्तेन्सिस' असे नाव दिले. म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला.

रानकुत्र्याची गोष्ट अशीच. आपल्या सह्याद्रीत ज्याला कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात, तो टोळीने शिकार करणारा तांबडा कुत्रा. साईक्सने १८३१ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले. सह्याद्रीच्या रानात कोळसून अजून आहे. आफ्रिकेतल्या एका माकडालाही आज 'साईक्सचे माकड' म्हणतात, कारण त्याचे पहिले वर्णनही याच गृहस्थाने केले.

पण आमच्या मते त्याचे खरे आगळे काम माशांचे. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला आणि १८४१ मध्ये तो चित्रांसह विस्ताराने छापला गेला. सुमारे ४६ जातींचे मासे त्यात होते आणि बहुतेक शास्त्राला नवे होते.

इथे शास्त्रातल्या बारशाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द म्हणजे जणू आडनाव, दुसरा शब्द त्या जातीचा स्वतःचा. ज्याने प्रथम रीतसर वर्णन छापले, त्याने ठेवलेले दुसरे नाव पुढे सहसा कोणी बदलू शकत नाही. आडनाव बदलते, कारण अभ्यासकांना पुढे कळते की हा या कुळातला नव्हे, त्या कुळातला. पण बारशाचा शब्द टिकतो.

साईक्सने बारशासाठी शब्द आणले कुठून? काही शब्द त्याने आपल्या विलायती मित्रांच्या नावांवरून घेतले. यारेल, ओगिल्बी, व्हिगर्स, ओवेन. हे सारे लंडनचे विद्वान. पण अनेक मासे त्याने नदीकाठी ज्या नावाने ऐकले, त्याच नावाने शास्त्रात घातले. खुद्री, कोलस, मुल्या, सिंघाला, सिंगटी, सांडखोल, आळकुटी, रोहटी, बोग्गट, गुंगवारी. या यादीकडे नीट पाहावे. ही नावे लंडनच्या पंडिताला खोलीत बसून सुचणारी नव्हेत. ही पाण्यात कमरेइतके उभे राहून जाळे टाकणाऱ्याची नावे आहेत. 'रोहटी' हा शब्द तर त्याने जातीच्याही वरच्या पायरीला, कुळाच्या नावाला वापरला, आणि आज पावणेदोनशे वर्षांनंतरही तो तिथे टिकून आहे.

नाव कोणाचे राहिले?

आता आमचा मुद्दा. यारेल साहेबाचे नाव माशाला मिळाले. ओगिल्बी साहेबाचे मिळाले. साईक्सचे तर या नावांमागे येते. मग ज्या भोयाने मुळा-मुठेच्या डोहात जाळे टाकले, मासा वर काढला, तो कोणत्या नावाने ओळखायचा, शिंगाळा कोणता आणि शिंगटी कोणती हे साहेबाला सांगितले, त्याचे नाव एकाही माशाला मिळाले नाही. त्याचा शब्द अमर झाला, तो स्वतः बिननावाचा राहिला.

यात साईक्सला एकट्याला दोष देणे योग्य होणार नाही. उलट ज्या काळात साहेब लोक देशी शब्दाला रानटी समजत, त्या काळात त्याने तो शब्द जसा ऐकला तसा ठेवला, हे त्याचे मोठेपण. पण ज्ञान कोणाकडे असते आणि श्रेय कोणाला मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे किती वेगळी असू शकतात, याचा याहून सरळ पुरावा कुठला? शाळेत न गेलेला माणूस अडाणी, ही आपल्या समाजातली जुनी समजूत. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांना पुढे अडाणी म्हणायचे, हा दुहेरी अन्याय. भोई अडाणी नव्हता. त्याच्याजवळ नदीचे शास्त्र होते, कागद नव्हता.

कागद किंवा दगड मिळाला की श्रमिकाचे नाव कसे टिकते, याचे उदाहरणही साईक्सच्याच कामात सापडते. याच भटकंतीत त्याने बौद्ध लेण्यांकडे लक्ष दिले. वेरूळच्या लेण्यांवरचे त्याचे लेखन १८२३ मध्येच छापले गेले होते. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतल्या कोरीव लेखांच्या नकला त्याने १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि जे लेख तोवर मुके होते ते पुढे बोलू लागले. जुन्नरचे लेख वाचले गेले तेव्हा त्यांत राजे-महाराजे थोडे आणि साधी माणसे फार, असे दिसून आले. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, पाण्याचे टाके दान देणारा परदेशी यवन, अशी ती नावे. आपल्या कोल्हापुरातही एकोणिसाव्या शतकात एका स्तूपातून बौद्ध अवशेषांची पेटी निघाली. तिच्यावर दान देणाऱ्या बम्हाचे नाव आहे, आणि ते काम करवून घेणाऱ्या धमगुताचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या परंपरेने बुरुडाचे आणि कासाराचे नाव दगडात कोरले, त्या परंपरेचे मोल साईक्सच्या बिननावाच्या भोयाकडे पाहिल्यावर अधिक कळते.

फाहियानच्या वाटेने

साईक्सला या लेण्यांनी स्वस्थ बसू दिले नाही. इसवी सन ३९९ मध्ये चीनमधून निघालेल्या फाहियान या भिक्षूचे प्रवासवर्णन १८३६ मध्ये फ्रेंच भाषेत आले होते. ते वाचून साईक्सने १८४१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला. प्राचीन भारतात सदासर्वकाळ ब्राह्मणी धर्माचेच वर्चस्व होते हा समज खरा नाही, कित्येक शतके या देशात बौद्ध धम्माचा प्रभाव होता, आणि जातींची आज दिसते तशी बंदिस्त चौकट फार पुरातन म्हणता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. जुने कोरीव लेख लोकभाषेत आहेत, संस्कृत लेख मागाहून येतात, हा त्याच्या मांडणीचा एक आधार.

त्याचे सगळेच निष्कर्ष आजच्या अभ्यासकांना मान्य नाहीत. पाली ही संस्कृतच्याही आधीची, असे तो म्हणे. भाषाशास्त्र ते स्वीकारत नाही. पण कोरीव लेखांत लोकभाषा आधी आणि संस्कृत नंतर, हे निरीक्षण मात्र टिकले. ज्या पुणे परिसरात साईक्स फिरत होता, तिथेच त्याच काळात, १८२७ मध्ये, जोतीराव फुले यांचा जन्म झाला. आणि फाहियानच्या ज्या वर्णनाकडे साईक्स वळला, त्याच फाहियानची साक्ष पुढे बाबासाहेबांनीही तपासली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात फाहियान आणि ह्युएनत्संग या दोघांच्या नोंदी ताडून बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरवला. साईक्सने बाबासाहेबांना वाट दाखवली असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांचा अभ्यास त्याच्याहून शतपट खोल. आमचे म्हणणे एवढेच की प्रवाशाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलेली एक ओळ दीड हजार वर्षांनी एका समाजाच्या न्यायाच्या बाजूने साक्ष देऊ शकते.

साईक्स स्वतः पुढे मोठ्या पदांवर गेला. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्याचा हात होता, पुढे तो तिचा अध्यक्ष झाला. १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन आणि १८५७ पासून ॲबर्डीनचा खासदार. १८७२ मध्ये लंडनला तो वारला. कंपनीचा तो माणूस होता आणि आकडे गोळा करण्यामागे कंपनीचा हेतू साऱ्याचा होता, हे विसरून चालणार नाही. पण साऱ्याचा हिशेब कंपनीबरोबर संपला, पाखरांचा आणि माशांचा हिशेब आजही उपयोगी पडतो आहे.

आजचा हिशेब

उपयोगी कसा? पुण्याच्या संशोधकांनी मुळा-मुठेतले मासे पुन्हा मोजून जुन्या याद्यांशी ताडून पाहिले, तेव्हा पूर्वी नोंदलेल्या कितीतरी जाती शहराजवळच्या पात्रात आढळल्या नाहीत. साईक्सची यादी नसती तर काय गेले हेच कळले नसते. हरवलेल्या वस्तूची फिर्याद द्यायलाही ती वस्तू आपली होती याचा कागद लागतो.

खुद्रीची गोष्ट याहून शिकवणारी आहे. साईक्सने पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर धरलेला हा दख्खनचा महासीर पुढे दुर्मिळ झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास झाली आणि पिल्ले देशभरच्या पाण्यात सोडली गेली. २०१८ मध्ये जागतिक यादीत या माशाचा धोका कमी झाल्याची नोंद झाली. पण तीच पिल्ले कावेरीत सोडल्यावर तिथला मूळचा मदार असलेला महासीर मागे पडत गेला आणि त्याच २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. भले करायचे म्हणूनही कोण कुठला हे न पाहता केले तर एकाचे जगणे दुसऱ्याच्या मुळावर येते. म्हणूनच कोणता मासा कुठल्या नदीचा, ही जुनी नोंद मोलाची.

आणि आपली पंचगंगा? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन येणारी ही नदी. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी तिच्यात मिसळते. उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे थर काठाला लागल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा सर्वांत जास्त कोणी सोसले? ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करायचे यंत्र नव्हते त्यांनी. मासा मरतो ती पहिली सूचना असते, नंतर पाळी माणसाची येते, आणि माणसांत गरिबाची आधी. म्हणून निसर्गाचा अभ्यास हा पोट भरलेल्यांचा छंद आहे असे आपल्या वस्तीत कोणी म्हणत असेल, तर त्याने पुन्हा विचार करावा.

बाजारात आज चिलापी मिळते. तो मूळचा आफ्रिकेचा मासा. रोहू आणि कटला मिळतो, तो उत्तरेच्या नद्यांतून आणून सोडलेला. पोट भरायला तेही हवेत, त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण मुलांना चिलापी ठाऊक आणि मळ्या ठाऊक नाही, अशी वेळ आली तर शब्द फक्त लंडनच्या ग्रंथात उरेल आणि आपल्या ताटातून, तोंडातून जाईल. नाव गेले की माणूस त्या वस्तूची चौकशी करणेही सोडतो.

एक वही करू या

आम्ही शाहूपुरीत राहतो. ही पेठ शाहू छत्रपतींच्या काळात वसली. ज्या राजाने १९०२ मध्ये मागासलेल्यांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच्या नगरीत राहणाऱ्यांनी ज्ञानातला आपला वाटाही मागितला पाहिजे. तो मागायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्वतः नोंद ठेवणे.

यासाठी दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही. एक शंभर पानी वही पुरते. येत्या सुट्टीत प्रत्येक घरातल्या शाळकरी मुलामुलीने आजी-आजोबांसमोर बसावे. लहानपणी ओढ्यात कोणते मासे धरले, त्यांना काय म्हणत, कोणत्या महिन्यात मिळत, आता दिसतात का? कोणती रानभाजी खुडून आणली, कोणत्या पाखराच्या ओरडण्यावरून पावसाचा अंदाज बांधला? शब्द जसा उच्चारला तसाच लिहावा, 'शुद्ध' करू नये. साईक्सने तो शुद्ध करायचा खटाटोप केला नाही म्हणूनच आज आपल्याला ओळखता येतो. गावाचे, नदीचे नाव आणि तारीख घालावी.

आणि एक गोष्ट साईक्सपेक्षा आपण जास्त करावी. प्रत्येक शब्दापुढे तो ज्याने सांगितला त्या माणसाचे पूर्ण नाव लिहावे. आजीचे तिच्या नावाने, भोयाचे त्याच्या नावाने, बाजारातल्या मावशीचे तिच्या नावाने. जुन्नरच्या दगडावर बुरुडाच्या श्रेणीचे नाव दोन हजार वर्षे राहिले. शंभर पानी वहीत आपल्या आजीचे नाव निदान नातवंडांपर्यंत तरी राहील.